डोनाकाकूंचा पाचवा बॉल

परवा सकाळी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना फोनवर एक फोटो आला. वाळलेलं गवत आणि मधोमध एक पांढरा गोल्फ बॉल... मी इतक्या जोरात हसलो की समोरचं प्रेझेंटेशन थांबलं.

फोटो पाठवणाऱ्या डोना म्हणजे कॅलिफोर्नियातल्या एक गायीवाल्या बाई, वय चौऱ्याहत्तर. तोंडावर मी त्यांना नुसतं डोना म्हणतो, मनात मात्र डोनाकाकू. त्यांच्या गायी मोकळ्या उतारांवर आणि टेकडीवरच्या ओकच्या झाडांखाली चरतात.

आमची छोटीशी टीम सॅटेलाइटच्या फोटोंवरून कुरणांचे नकाशे बनवते. कुठे चारा आहे आणि कुठे संपला, ते घरबसल्या फोनवर दिसतं. नकाशाचे रंग मी ठरवले होते. हिरवं म्हणजे भरपूर, पिवळं म्हणजे संपलं... आमच्या नागपुरात तरी याला कोण नाही म्हणेल?

गेल्या वर्षी काकूंचा गुडघा गेला आणि टेकडी चढणं बंद झालं. मुलगी म्हणायला लागली, झेपत नाही तर गायी विक आणि माझ्याकडे राहायला ये. काकूंना ते अजिबात नको होतं. हिवाळाभर आमचा नकाशा बरोबर निघाला आणि त्याच्याच भरवशावर त्यांनी मुलीला थोपवून धरलं होतं.

जूनमध्ये मी त्यांच्याकडे गेलो, ॲप कसं चाललंय ते बघायला. दुसऱ्या दिवशी गायी टेकडीवर न्यायचं ठरलं होतं, कारण नकाशात टेकडी हिरवीगार आणि खालचा उतार पिवळाधम्मक दिसत होता. काकूंनी मात्र फोन बाजूला ठेवून खालच्या उताराकडे बोट केलं.

मग म्हणाल्या, "खालचा चारा संपला असता तर गायी गेटपाशी येऊन उभ्या राहिल्या असत्या. एकही येत नाहीये."

त्यांनी पिकअपमधून पाच जुने गोल्फ बॉल काढून माझ्या हातात ठेवले. ही तिकडची पद्धत. बॉल गवतात टाकायचा... दिसेनासा झाला तर चारा पुष्कळ, अर्धामुर्धा दिसला तर बेताचा, आणि अख्खा दिसला तर गायी हलवायच्या. मला गुडघा नाही, तुला दोन आहेत, जाऊन ये, म्हणाल्या.

आधी टेकडी. धापा टाकत चढलो आणि ओकखाली बॉल टाकले, तर पाचही उघडे. गवत नावाला. मान वर केली तर डोक्यावर हिरवीगार पानं... सॅटेलाइट बिचारा वरून बघतो, त्याला पानं दिसली, आणि मी अतिशहाणा त्यालाच चारा म्हणत होतो.

मग खालच्या उतारावर टाकले, तर सगळे गडप. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात गवत उभ्याउभ्या वाळतं आणि गायी तेच खातात. कडबा पिवळा असतो म्हणून आपल्याकडे कुणी टाकून देतं का? पण रंग ठरवताना हे डोक्यातच आलं नाही. हिवाळ्यात गवतही हिरवं होतं, म्हणून चूक झाकली गेली.

लहानपणी गल्लीत आमचा नियम होता, ज्याने मारला त्यानेच आणायचा. भर उन्हात रांगत अर्धा तास शोधलं, तेव्हा चार मिळाले. पाचवा काही केल्या सापडेना.

परत पिकअपपाशी आलो. सांगून टाकलं... नकाशा चुकलाय, चूक माझी आहे, उद्या गायी वर नेल्या असत्या तर उपाशी राहिल्या असत्या. काकूंनी टेकडीकडे बघत एवढंच विचारलं,

"मग आता मी वरचं कसं बघू?"

त्यापेक्षा चिडल्या असत्या तर परवडलं असतं.

नकाशा दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवतो, झाडं वेगळी काढतो, असं काय काय मी बोलत राहिलो. शेवटी चाचरत हेही सांगितलं की तुमचा एक बॉल हरवला. तेव्हा त्या दिवसभरात पहिल्यांदा हसल्या.

"हरवला ना? मग गायी इथेच राहू देत."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तर ऋचा म्हणाली, "यार, तू काउज बघायला गेला होतास की बॉल शोधायला?" हसलो, पण त्यानंतरचे कितीतरी वीकेंड त्या नकाशात घालवले. आता त्याला वाळलेलं गवत आणि उघडी माती यांतला फरक कळतो. झाडांखाली अजून अडखळतो, आणि 'इथे खात्री नाही' असं आता स्वतःच लिहूनही दाखवतो.

तर परवाचा फोटो. पिकअपच्या खिडकीतून काढलेला. उतार चरून झालाय आणि आमचा पाचवा बॉल उघडा पडलाय... खाली काकूंनी लिहिलं होतं, "आता दिसतोय. आज गायी ओढ्याकाठी नेते. मुलीलाही हा फोटो पाठवलाय."

ज्याने मारला त्यानेच आणायचा, हा नियम या वेळी मी मोडणार आहे. काकूंना तो बसल्या जागेवरून दिसतो... असू दे तिथेच.