राणीची करवंटी

हेमावती मामींनी घरात नागडे उंदीर पाळलेत, ही बातमी दोन हजार आठच्या नवरात्राच्या तोंडावर चेन्नईच्या वेळच्चेरी भागातल्या एका तीन मजली इमारतीत पसरली. इस्त्रीवाल्याने ती खालून वर नेली, भाजीवालीने वरून खाली आणली आणि वाटेत उंदीर वाढत गेले. "पिंक कलर, सार! अंगावर केसच नाय! एक दुसऱ्याला खातंय!" इस्त्रीवाला डोळे फिरवून सांगे. तळमजल्यावरच्या आजोबांनी प्लेगवर कुठल्या गोळ्या चालतात, याची चौकशीही करून ठेवली.

खरी गोष्ट एवढीच, की मामींनी उंदीर पाळले नव्हते. घडवले होते, आणि तेही गोलूसाठी. नवरात्रात चेन्नईच्या घराघरांतून पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. वरच्या पायऱ्यांवर देव असतात आणि खाली पायाशी हौस. कुणी तिथे बाग करतं, कुणी क्रिकेटचं मैदान. मामी मुलींच्या शाळेत प्राणिशास्त्र शिकवायच्या, म्हणून त्यांच्या पायाशी दरवर्षी एखादा प्राणी असायचा.

त्या वर्षीचा पहिला घाणा त्यांनी घरातल्या रिवाजाप्रमाणे केला. तांदळाचं पीठ, गूळ आणि वेलची, म्हणजे पिठाचे दिवे लावतात तोच गोळा. सकाळी उठून बघतात तो खऱ्या उंदरांनी खोट्या उंदरांचा फडशा पाडलेला. "अय्यो, आपल्याच जातीला खाल्लं गे!" असं त्या गॅलरीत उभ्या राहून ओरडल्या, आणि खाली इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता. बातमीचा जन्म तो असा झाला.

ही सगळी माणसं त्यांच्या-त्यांच्या आवाजात करून दाखवायची सावनी. त्याच इमारतीत राहणारी, पंधरा वर्षांची, मूळची नाशिकची, वडील शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. प्रस्तुत लेखिका ती हीच, पण गोष्ट मामींची आहे, तेव्हा तिला इथे नावानेच हाक मारलेली बरी.

दुसरा घाणा मातीचा झाला. साड्यांच्या दुकानातून मामींनी पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या, त्यांची भुयारं केली. नारळाच्या करवंट्यांच्या खोल्या झाल्या. एका खोलीत कंदाचा तुकडा, एकीत पिल्लं, आणि एक खोली भुयाराच्या अगदी टोकाला.

"ही कशाची?" त्यांचे यजमान राजगोपाल मामा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले.

"संडासाची."

"देवाच्या पायाशी संडास? हेमा!"

"स्वच्छ जनावर आहे हो. सगळे एकाच खोलीत जातात. आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांपेक्षा बरे."

मामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पेपर उघडला. त्या घरात वाद असेच संपत.

मामींचं मन मात्र त्या उंदरांपेक्षा पहिल्या मजल्यावर जास्त होतं. तिथे रंजनी राहायची. मामींसारखीच तंजावरकडची मराठी, नात्याची नव्हे, पण पाठच्या बहिणीसारखी. दोघींचं मराठी एका वळणाचं, जुन्या पातळासारखं, मधूनमधून तमिळ ठिगळं लावलेलं. मामींच्या बाहुल्यांचे डोळे रंगवायचे ते रंजनीनेच. त्या उन्हाळ्यात तिला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधं सुरू होती आणि केस गेले. केसांचा टोप आणला होता, पण चेन्नईच्या उकाड्यात तो घातला की तिला खाज सुटे. तिने दार लावून घेतलं. बहिणीकडे जाईना, देवळात जाईना.

"बोडकं डोकं घेऊन मी कुंकवाला येऊं?" ती दाराआडून मामींना म्हणाली होती. "नवरा जिता असतां? नको अक्का. माझ्या वाटचं कुंकू दारातच दे."

मामींनी ते दारातच लावलं होतं. जिना चढताना त्यांना वाटलं होतं, डॉक्टर ह्या बाईला वाचवतील, आणि ही खोलीत बसून कोमेजेल. सवाष्णीने बाकी सवाष्णींना आज तोंड दाखवलं नाही, तर उद्या जिन्यात दाखवणं त्याहून अवघड. गोलू उठायच्या आत तिला वर आणायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

"नाही येणार," सावनी म्हणाली. आणि लगेच रंजनीच्या आवाजात, मान तश्शीच कलती करून, "नको अक्का."

मामी हसल्या नाहीत. "पैज?"

"पैज! आल्या तर मी गाईन."

"तू रोजच गातेस, पण उसन्या गळ्यातून. मागच्या साली आमच्या हेडमिस्ट्रेसच्या आवाजात स्तोत्र म्हटलंस. रंजनी आली तर तुझ्या आवाजात म्हणायचं. सरी? कबूल?"

गोलूला आलेल्या पाहुणीने गायचं असतं, त्यात सुटका नाही. सावनीचा स्वतःचा आवाज घोगरा होता, तो तिने कधी कुणाला ऐकवला नव्हता. पण पैज जिंकल्यातच जमा होती. "सरी," ती म्हणाली.

मामींनी सगळे उंदीर केले, राणी केली नाही. मातीचा गोळा सावनीच्या हातून रंजनीकडे पाठवला. निरोप असा: राणी तू कर. ती सगळ्यांत लांब असते.

नवरात्र लागलं. बायका यायच्या, भुयारापाशी वाकायच्या, नाकाला पदर लावायच्या. मामी सुंडलाची, म्हणजे खोबरं घातलेल्या उसळीची वाटी हातात देत सांगत सुटायच्या. "आफ्रिकेत असतात. नेकेड मोल रॅट. दात ओठांच्या बाहेर, म्हणून खणताना तोंडात माती जात नाही. पिल्लं होतात ती एका राणीला, बाकी सगळे राबतात. कुणी आळस केला तर राणी ढुशा देते. कातडीला मिरचीचा अर्क लावला तरी झोंबत नाही! साधा उंदीर जगतो तीन-चार वर्षं, हे पंचवीसच्या वर. आणि आजवर पाळलेल्यांत कॅन्सर म्हणून सापडलेला नाही."

"मग औषध?" बायका विचारत.

"अजून नाही. कशामुळे होत नाही ते शोधतायत. सापडलं तर माणसाच्या कामाला येईल. वेदनेवर वेगळं औषध निघेल, त्या रोगावर वेगळं."

"आणि राणी कुठाय?"

मामी रिकाम्या करवंटीकडे बोट दाखवून मोठ्याने, खालच्या मजल्यापर्यंत पोचेल असं म्हणत, "येतेय!"

राणी आली, पण सावनीच्या हातातून. मामींनी ती करवंटीत धरून पाहिली. "मावत नाही. बारीक करायला सांग." दुसरी आली. "ही आखूड. राणी वाटत नाही." सावनी धापा टाकत जिना चढत-उतरत राहिली. प्रत्येक निरोप ती मामींच्या आवाजात, वर थोडं तिखट घालून पोचवत होती. दर खेपेला रंजनीच्या नाकपुड्या फुगत होत्या.

नवव्या दिवशी, सरस्वतीपूजेच्या संध्याकाळी तिसरीही परत गेली. खोली बायकांनी भरली होती. एवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली.

"काय गे अक्का! डोळे आहेत की विकून खाल्लेस? लांब कर म्हणतेस, आणि करवंटी एवढी चिमुकली ठेवतेस? हिच्यांत पाल तरी मावेल?"

दारात रंजनी उभी होती. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, हातात लांबलचक राणी, आणि डोक्यावर काहीही नाही. बायकांच्या माना एकदम तिच्याकडे वळल्या. रंजनीचा मातीचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

मामी कुंकवाचं तबक घेऊन उठल्या. रोज आलेल्या बाईला लावतात तशा सावकाश त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं. मग दुसऱ्या एकीने उठून तिच्या हातावर विडा ठेवला, आणि तिसरीने तिला बसायला जागा केली.

रंजनी भुयारापाशी बसली. वाकून तिने त्या गुलाबी, बिनकेसांच्या घोळक्यातला एकेक उंदीर न्याहाळला.

"माझ्यासारखेच दिसतात."

"दात सोडून," मामी म्हणाल्या.

रंजनी हसली. आधी नाकातून, मग तोंडभर. "आणि ह्यांना होत नाही म्हणतेस?"

"अजून तरी नाही सापडला."

"मला बरं करणार का ते?"

"तुला तुझा डॉक्टर करेल, रंजी. हे पुढच्यांसाठी."

"शोधूं देत मग. लवकर शोधूं देत." तिने राणीच्या मिशा नखाने नीट केल्या. "आतां करवंटी दे. मोठी."

मामींनी सोफ्याखाली हात घातला. तिथे नीट घासलेली, मोठी, लांबट करवंटी आधीपासून ठेवलेली होती. राणी तिच्यात मापाने बनवल्यासारखी बसली.

"मामी, ही चीटिंग आहे!" सावनी ओरडली. घाईत स्वतःच्याच आवाजात.

"पैजेत करवंटीचं माप ठरलं होतं का गे?" मामींनी सुंडलाची वाटी तिच्या हातात दिली. "आधी खा. मग गा. हाच आवाज."

रंजनी मांडी घालून, उघड्या डोक्याने, सगळ्यांच्या पुढे बसली होती. सावनीने घसा खाकरला, कुणाचाही आवाज न आठवता तोंड उघडलं, आणि हरलेल्या पैजेचं गाणं पहिल्याच ओळीत बेसूर झालं.