जयवंतीचा तांडेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझा चिवड्याचा डबासुद्धा लपत नाही.

मी एक जहाज बांधलं. मराठ्यांच्या आरमारातलं, सागवानी, दोन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज. कुठे बांधलं? शारजा-दुबई रस्त्यावर, गाडीत बसून.

माझ्या लेकीची, सईची, शाळा दुबईत आणि आमचं घर शारजात, भाडं परवडतं म्हणून. रोज सकाळी तास-दीड तास ट्रॅफिक. सई सात वर्षांची असताना वर्गातल्या एका अरब मुलीने सांगितलं की तिचे पणजोबा समुद्रातून मोती काढायचे. सईने गाडीत विचारलं, आणि आपले? आता काय सांगणार? आम्ही बारामतीकडचे किराणा दुकानदार. सात पिढ्यांत समुद्र पाहिलेला पहिला माणूस मी, तोही विमानातून. पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं — आणि मी बोलून गेलो की आपले पूर्वज आरमारात तांडेल होते, जहाज चालवायचे.

झालं. दुसऱ्या दिवशी गाडी निघायच्या आत मागून अरबी हुकूम — "यल्ला बाबा, शिप!" म्हणजे चला, सुरू करा. मग माझीही कळी खुलली. पुढे अपघात होऊन रस्ता तुंबला की एक डोलकाठी उभी राहायची. रस्ता मोकळा मिळाला की काम बंद. फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ भरली, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, दोन तोफा चढवल्या. नाव ठेवलं जयवंती — माझ्या आत्याचं. जयवंतीने तीन लढाया जिंकल्या, वादळात एक डोलकाठी गमावली, आणि सई पाचवीत गेली तेव्हा विजयदुर्गाजवळ लढता लढता बुडाली. सई दोन दिवस नीट जेवली नाही. मला — खरं सांगू? — अभिमान वाटला.

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? ती हसली असती. दोन दिवस रुसली असती फार तर.

आज ती तेवीस वर्षांची आहे. पुण्यात जुन्या जहाजांचा अभ्यास करते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. चार महिने दफ्तरखान्यात मोडी कागद चाळतेय, जयवंती कुठेच सापडत नाही. सर म्हणतात विषय बदल, वर्ष वाया जाईल. ती बदलणार नाही.

"आय नो शी वॉज रिअल, बाबा," ती म्हणाली. "अजून काही आठवतंय का?"

घरात मी एकटा होतो. घाई नव्हती. शब्द अगदी जिभेवर आला होता.

"शिडाला भगवी पट्टी होती," मी म्हणालो.

तिने ते लिहून घेतलं. कागदावर चालणारं पेन मला ऐकू येत होतं.