मडगार्डवरची जागा

हँडल मारून चालू करायचा आमचा जुना ट्रॅक्टर मी डबडं म्हणून भंगारात काढला आणि दर्यापूरच्या माझ्या मित्राने तो भंगारवाल्याकडून उचलून आणला. वर्षभर खपून लालभडक केला. यंदा दसऱ्याच्या पूजेला त्याने मला आणि माझ्या ऐंशीच्या बाबांना मुद्दाम बोलावलं. झेंडूच्या माळा काय, फोटो काढणारी गर्दी काय! माझा नुसता जळफळाट होत होता.

नारळ फुटला, पण ट्रॅक्टर काही चालू होईना. हँडल मारून मारून मित्र घामाघूम झाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तेवढ्यात बाबा काठी माझ्या हातात देऊन पुढे झाले आणि त्याला म्हणाले, "आंगठा बोटांच्याच बाजूनं ठेव, नाई तं मोडते. पयले दोनदा हळू फिरव, मंग झटका दे."

मला त्यांनी त्या हँडलला कधी हातसुद्धा लावू दिला नव्हता.

इंजिन धडधडलं. "चाला काकाजी, बसा," मित्र म्हणाला. लहानपणी मी ज्या मडगार्डवर बसायचो, त्यावर बाबा कुणाचा हात न धरता चढले आणि गावभर हिंडून आले.

माझ्या नव्या ट्रॅक्टरवर बसा म्हटलं, की त्यांचे गुडघे दुखतात.