खाणीच्या फाटकातल्या दोन खुर्च्या

आयर्लंडातल्या आर्मा गावात एकाच संताची दोन देवळं दोन टेकड्यांवर एकमेकांकडे बघत उभी आहेत, एक त्या प्रोटेस्टंटांचं, एक आम्हा कॅथलिकांचं. त्यामुळे मेल्यावर माणूस नेमका कुठे जातो, यावर गावात मतभेद आहेत. पण मेलेला मातीआड होईपर्यंत वाडीत कुणी फावडं उचलायचं नाही, यावर कधीच नव्हते.

डिम्फ्ना लॅपिनचं घर नवानच्या टेकाडाला लागून. तिथे फार पूर्वी अल्स्टरचे राजे बसत. त्यांनी वर लाकडाचा अवाढव्य मंडप उभारला, दगडांनी भरला आणि स्वतःच पेटवून दिला. "निदान स्वतःचं जाळलं," डिम्फ्ना म्हणायची. उरलंसुरलं संपवायला चुनखडीची खाण होती. शेत गिळत गिळत ती टेकाडाकडे येत होती. डिम्फ्ना प्रत्येक सभेत उठून भांडायची. कौन्सिलचे साहेब माना डोलवायचे, खाण पुढे सरकायची.

तिचा भाऊ युनन वारला. शव पुढच्या खोलीत, शेजारीपाजारी चहा घेत बसलेले, आणि खाणीत सुरुंग उडाला. उशाची मेणबत्ती कलंडली. सुरुंग उडवणारा फेलिम, डिम्फ्नाचा सख्खा भाचा.

संध्याकाळी तो टोपी चुरगाळत दारात आला. "मावशी, मालकाचा हुकूम होता."

"मालक परका. तुला काय धाड भरली होती? मामा घरात आडवा, आणि तू तोफा डागतोस?"

"नोकरी गेली असती गं."

"मग उद्या नोकरीवरच मर. खांद्याला येऊ नकोस. खाणीचा पगार खाणारा एकही नको मला."

खाणीचा पगार न खाणारे पुरुष म्हणजे म्हातारे आणि पाद्रीबाबा. सकाळी पेटी चार बायकांनी उचलली. पाद्रीबाबा नुसतेच खोकले. वाटेत पेटी टेकवायच्या दोन खुर्च्या डिम्फ्नाने स्वतः घेतल्या, आणि मांडल्या त्या थेट खाणीच्या फाटकात.

"टेकवा."

आतले ट्रक आत राहिले. मालक धावत आला. "बाई, किती वेळ?"

"युननला विचारा. राजे दोन हजार वर्षं थांबलेत, यालाही कधी घाई नव्हती."

"फेलिम! सुरुंगाचा भोंगा वाजव, म्हणजे हटतील!"

फेलिमने सुरुंगाची किल्ली मालकाच्या हातात ठेवली आणि टोपी काढून पेटीपाशी येऊन उभा राहिला. मागोमाग ट्रकवाले उतरले, टोप्या काढून.

दुपार कलेपर्यंत वाडीत एक दगड हलला नाही. मग डिम्फ्ना उठली. फेलिम पेटीकडे वळला.

"खांदा नको म्हटलं ना? खुर्च्या उचल."