तळव्याखालची नोटीस

तिसगावच्या शाळेत माझ्या शेजारी सातवीचा वर्ग घेणाऱ्या गुरुजींची एक खोड होती. पोराने धडा घडाघडा वाचला, की ते पानावर तळवा ठेवत. “वाचलंस. आता आईला सांगतोस तसं सांग.” धडे मागे पडायचे, मी कुरकुरायचो, ते काही हटायचे नाहीत.

दुष्काळात चावडीवर गावातल्या एका विहिरीबद्दल सरकारी नोटीस लागली. तलाठ्याने ती वाचली, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बाया पुन्हा त्याच विहिरीवर गेल्या. गुरुजींनी अख्खा वर्ग चावडीवर नेला, एका मुलीकडून नोटीस वाचून घेतली आणि त्या कागदावर तळवा ठेवला.

पोर घुटमळली. मग पाणी घेऊन चाललेल्या आईकडे वळून म्हणाली, “आये, त्या हिरीचं पानी पिऊ नगं. पटकी हुईल.”

आईने डोक्यावरचा भरलेला हंडा उतरवला आणि तिथंच ओतून दिला.