डबीतून बाहेर न आलेलं रीळ

मी असल्या गोष्टी मानत नाही. शाळेत जाताना चौकातलं लिंबू-मिरची मुद्दाम ओलांडणारी मी. आमच्या घरातली पहिली पदवीधर... बी.कॉम., तेही रेग्युलर, बाहेरून नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला अंगारा-धुपारा सुचवू नये.

आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहतो. दोन खोल्या, वर मोकळी गच्ची. आई टॉवेलच्या कारखान्यात किनारी शिवायची. तिचा धड एक फोटो नव्हता. मोबाईल समोर धरला की पदर तोंडावर. "फोनातलं काय... आवडलं न्हाय की पुसून टाकतीस," म्हणायची.

म्हणून मी ऑनलाइन रिळाचा साधा प्लॅस्टिकचा कॅमेरा मागवला. फोकस नाही, सेल नाही, काही नाही. फक्त ऊन लागतं, आणि ते आमच्याकडं मुबलक. व्हिडिओ बघून ब्लॅक अँड व्हाइट रीळ भरलं. रविवारी सकाळी आई हिरवं इरकल नेसून गच्चीवर खुर्चीत बसली. पहिल्यांदाच, पदर न ओढता. गच्चीवर आम्ही दोघीच.

मी एक डोळा मिटून नेम धरला. आईला हसू फुटलं.

"जीभ आत घे की गं! बी.कॉम. झालीस तरी जीभ भाईरच."

"हलू नको आई. हे पुसता येत नाही."

"मग नीट बघ की माझ्याकडं."

मी चाक फिरवत गेले, बटण दाबत गेले.

त्याच महिन्यात आई गेली. झोपेतच. मला रडू आलं नाही. पाहुण्यांचा चहा केला, दाखल्याच्या झेरॉक्स काढल्या. भावानं आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात आई कुणीतरी दुसरीच दिसते.

"थांब," मी म्हटलं, "माझ्याकडं रीळ आहे."

पेठेतल्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून कॅमेरा उघडला, आत चाचपलं.

"ताई, रीळ डबीतून बाहेरच आलं नाही. टोक चाकात अडकलंच नव्हतं. सगळं कोरं असणार."

"तरी धुवा."

धुतलं. खरंच कोरं... मधला एक फोटो सोडून.

त्यात मी आहे. डोळ्याला कॅमेरा, दुसरा डोळा मिटलेला, जिभेचं टोक बाहेर. माझ्यामागं पाण्याची टाकी, दोरीवर धुणं. फोटो जरा खालून काढलेला — खुर्चीत बसलेल्या माणसाला मी दिसेन तसा.

आरशातला म्हणावा, तर टाकीवरची अक्षरं उलटी आली असती. ती सरळ आहेत. दुसऱ्या कुणी काढला म्हणावा, तर कॅमेरा माझ्याच हातात... दिसतोय की फोटोत! काकांनी रीळ दोनदा बघितलं. "मला नाही सांगता यायचं," म्हणाले.

मलाही नाही. शिकलेली आहे, म्हणून उगाच काहीतरी जुळवून सांगणार नाही.

भाऊ अजून विचारतो, "पण तायडे, ह्यात आई कुठाय?"

भिंतीवर आधारकार्डाचाच फोटो आहे. त्याच फ्रेममध्ये, त्याच्या मागं, हा ठेवलाय. हार मीच बदलते. रडू अजून आलेलं नाही.