चौथा बोल्ट आणि ताईचा सा

माझ्या थोरल्या बहिणीला ऑफिसात पाठीमागे ‘भोंगा’ म्हणतात. तिला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. "आवाज आहे म्हणून म्हणतात. नसता तर काय म्हटलं असतं, पिपाणी?" असं ती मलाच ऐकवते. देव नम्रपणा वाटत होता तेव्हा आमची ताई दुसऱ्याच रांगेत उभी असणार. तरी तिचं कौतुक मी करणार, कारण या खेपेला तिनं मारलेल्या बढाया अगदी खऱ्या निघाल्या.

आम्ही दोघं एकाच कंपनीत आहोत. कंपनी कपडे धुण्याची मशीनं विकते. मी फिटर, घरोघरी जाऊन मशीन बसवून देतो. ताई मदतकेंद्रात, कानाला फोन लावून दिवसभर लोकांची बोलणी खाते. लग्नाआधी ती गाण्याच्या पार्टीत होती, कोरसमध्ये, मागच्या रांगेत. पुढे गाणारी बाई कधी आजारी पडली नाही आणि ताईच्या हाती माईक कधी आला नाही. जाहिरातीच्या कागदावर सगळ्यांची नावं असायची, अगदी तबलजीचंसुद्धा. कोरसच्या बायकांना मात्र ‘आणि सहकारी’ या दोन शब्दांत गुंडाळलेलं असायचं. पुढे लग्न, मुलं, सासूबाईंचं दुखणं यात तेही सुटलं.

आता मशीनचं दुखणं सांगतो. नव्या मशीनच्या पाठीला चार लांब बोल्ट असतात. वाटेत आतला ड्रम हिंदकळू नये म्हणून कारखान्यातच ते आवळून टाकतात. मशीन सुरू करण्याआधी चारही काढायचे. पण लोक एकतर काढतच नाहीत, नाहीतर दोन-तीन काढतात आणि झालं म्हणतात. मग कपडे पिळायची वेळ आली की मशीन असा काही थयथयाट करतं की न्हाणीघरातून निघून थेट पाहुण्यांच्या पुढ्यात येऊन उभं राहतं. "अहो बाई, तुमचं मशीन घर सोडून चाललंय!" असे फोन ताईला रोजचेच.

कंपनीनं त्यासाठी व्हिडिओ केलेला होता. त्यात एक देखणा तरुण भराभरा बोलायचा आणि मागे धडाधडा संगीत वाजायचं. ताईला फोनवर ते संगीत ऐकू यायचं, आणि त्यावरूनच तिला रोगाचं मूळ सापडलं.

"अरे, बोल्ट काढणारा माणूस मशीनच्या मागे डोकं खुपसून बसलेला असतो," ती मला म्हणाली. "त्याला चित्र दिसणार कुठून? त्याला तेवढ्यापुरते फक्त कान असतात. आणि कानात असला ठेका घातलात तर त्याचे हात पळणारच की!"

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत शिरली आणि ठेक्याऐवजी माझ्या आवाजाचा नवा व्हिडिओ मी करते म्हणाली. झालं असं होतं, की लांबच्या गावांना फिटर पोचत नाही, म्हणून नवं मशीन लोकांनी स्वतःच बसवायचं ठरलं होतं. त्यासाठी बाहेरच्या नावाजलेल्या मंडळींकडून फिल्म करून घ्यायचं जवळजवळ पक्कं होतं. साहेब माणूस भला. ते म्हणाले, तुमचा व्हिडिओ एका घरी लावून बघू. मशीन हललं तर विषय संपला.

"आणि नाही हललं तर?" ताईनं विचारलं. "मग व्हिडिओच्या शेवटी माझं नाव यायला हवं. गाणारी म्हणून. ‘आणि सहकारी’ चालणार नाही."

साहेब हसले आणि हो म्हणाले.

ताईनं सगळं घर कामाला लावलं. स्वयंपाकघरातला फ्रिज बंद केला, कारण त्याची घरघर सुरात मिसळत होती. दूध नासलं, भावजी चिडले, ताई ढिम्म. चाल तिचीच, शब्द एकही नाही, नुसतं गुणगुणणं. माझ्या हाताच्या वेगावर तिनं लय बांधायला घेतली आणि थोड्या वेळानं मला हाकललं. "तुझा हात सराईत. तुझा काय उपयोग? शेजारच्या काकूंना बोलाव." काकूंनी जन्मात पाना धरलेला नव्हता. त्या जितक्या हळू बोल्ट फिरवतील तितक्या हळू ताई गायली.

त्यात तिनं एक युक्ती केली होती. बोल्ट निघेपर्यंत एकच ओळ फिरत राहायची, अधांतरी. निघाला की मोबाइलच्या पडद्यावर बोट लावायचं, मग ओळ एक पायरी वर चढायची. चौथा निघून बोट लागलं की मगच चाल सा’वर येऊन टेकायची.

परीक्षेचं घर निघालं एका निवृत्त पोस्टमास्तरांचं. आजोबा आणि आजी दोघंच. आयुष्यभर कपडे हातानं धुतलेले. साहेब स्वतः आले होते. मला त्यांनी बजावलं होतं, हाताची घडी, तोंडावर बोट. आजोबा पाना घेऊन मशीनमागे गेले. आजी मोबाइल धरून स्टुलावर बसल्या. एक बोल्ट निघाला, दुसरा निघाला, तिसराही निघाला. तोवर आजीही सुरात सूर मिसळून गुणगुणायला लागल्या होत्या.

चौथा भिंतीकडच्या कोपऱ्यात होता आणि हलेना. आजोबा घामाघूम होऊन बाहेर आले. "तीन निघाले, बास झालं. दे बोट लावून, पुढचं बघू."

ताईचं नाव त्या एका बोल्टाला लटकलं होतं आणि मला ब्र काढायची सोय नव्हती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"खोटं बोट कसं लावू?" आजी म्हणाल्या. "गाणं अडकलंय अहो. ती बाई बिचारी तिथं श्वास रोखून उभी आहे. तिला तशीच ठेवायची?"

"अगं, ते मशीनचं गाणं आहे!"

"कुणाचंही असो. खाली बसा आणि काढा तो."

आजोबा पुटपुटत पुन्हा आत गेले. ओळ फिरत राहिली, न चिडता, न थकता, काकूंच्या हाताच्या वेगानं. मग कर्रकन आवाज झाला. आजींनी बोट लावलं, आणि ताईचा सा त्या छोट्या न्हाणीघरात असा भरून राहिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फिटरच्या डोळ्यांत पाणी बघून आजोबा घाबरले, काही मोडलं की काय म्हणून.

पिळायची वेळ आली. मशीन जागचं तसूभरही हललं नाही.

मी जिन्यात येऊन ताईला फोन लावला. "नाही हललं!" एवढंच ओरडलो.

"हलणार होतंच कुठं?" ती म्हणाली.

इतक्यात साहेब मागून आले आणि हळूच म्हणाले, "त्यांना विचारा, नाव कोणतं घालायचं? माहेरचं की सासरचं?"

मी विचारलं. पलीकडे आमचा भोंगा गप्प. मागे दुसऱ्या कुणाचा तरी फोन वाजत होता, तोही तिनं उचलला नाही. रडतेय हे मला कळलं.

"नुसतं माझं घाला म्हणावं," ती शेवटी म्हणाली. "आणि मोठ्या अक्षरात."